माळ कुठं तुटते?

दुपारची भांडी उरकली असतील आणि धारा काढायला अजून तास-दीड तास असेल, म्हणून ही वेळ मी मागून घेतली. आपल्या बहुतेक गटांत मणी ओवायचं काम याच वेळेत चालतं. आज त्याविषयीच बोलायचं आहे. काळ्या मण्यांची पोत, मोत्यांची माळ, रोज वापरायचं छोटं मंगळसूत्र. ज्यांनी अजून एकही मणी ओवला नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते. ज्या करतायत त्यांनीही ऐका, कारण मी आमच्याच गटाच्या चुकीपासून सुरुवात करणार आहे.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटानं ४० माळा केल्या. गावातल्याच बायकांनी घेतल्या, काहींनी तर वाण म्हणून वाटल्या. आम्ही खूश. होळीपर्यंत त्यातल्या ९ परत आल्या. जत्रेत घेतलेली माळ तुटली तर बाई दोन शिव्या देते आणि विसरते. गावातली बाई तीच माळ रुमालात बांधून आपल्या दारात आणते, चहा होईपर्यंत विषय काढत नाही, आणि उठता उठता म्हणते, "तुटली गं." ते फार लागतं.

त्या नऊही माळा मी एका टॉवेलवर मांडून बघितल्या. सहा माळा हुकापाशी सुटल्या होत्या, म्हणजे गाठ निसटली होती. दोन माळांमध्ये दोरा मण्यानंच कापला होता. आणि एक तुटलीच नव्हती, तिच्या सोनेरी मण्यांचा मुलामा उडून खालचं पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं. आम्ही सगळी अक्कल मण्यांच्या रंगसंगतीत घातली होती. दोरा, गाठ आणि मण्याची पारख याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

आधी दोऱ्याचं सांगते. घरातला सुती दोरा माळेला वापरू नका. घामानं आणि रोजच्या अंघोळीच्या पाण्यानं तो कुजतो. जुन्या काळी पटवेकरी दागिने रेशमात गाठवायचे. पटवेकरी म्हणजे सोनाराकडचे सुटे मणी, पुतळ्या, वाट्या दोऱ्यात ओवून, मागे गोंडा लावून देणारा. ओवून देणारा म्हणण्यापेक्षा गाठवून देणारा म्हणायला हवं, आणि त्या शब्दातच गाठ आहे. रेशीम मऊ, गाठ घट्ट धरणारं, पण हलक्या किमतीच्या माळेला ते परवडत नाही. आपल्याकडे सर्रास वापरतात तो तंगूस. मासे धरायच्या गळाला असतो तोच. स्वस्त आहे, टोक ताठ असल्यामुळे सुई लागत नाही, शिकायला उत्तम. पण उन्हानं कडक होतो आणि गाठ धरायला नाखूश असतो. तिसरी म्हणजे गिअर वायर. बारीक पोलादी तारांचा पीळ आणि वर प्लॅस्टिकचं आवरण. काचेच्या मण्यांना आणि रोजच्या मंगळसूत्राला हीच घ्या. दुकानात नुसतं "वायर द्या" म्हणाल तर तांब्याची तार हातात पडेल, म्हणून नाव घेऊन मागा.

काचेच्या मण्यांना का, तर मण्याच्या भोकामुळे. जुन्या बायका त्याला वेज म्हणतात. काचेच्या मण्याच्या वेजाची कड कधी कधी वस्तऱ्यासारखी असते. माळ गळ्यात हलते, मणी दोऱ्यावर घासतो आणि एक दिवस दोरा कापला जातो. नवीन मणी आणले की चार-पाच मण्यांतून एक धागा जोरात मागेपुढे ओढून बघा. धाग्याला लव सुटली तर तो माल तंगुसात ओवू नका.

हे वेज पाडायचं काम माणूस किती जुन्या काळापासून करतोय बघा. चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे. तिथं उत्खनन झालं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. शेती नव्हती, लोखंड नव्हतं, आणि तरी कुणीतरी अंड्याच्या कवचाला न फोडता भोक पाडत बसलं होतं. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं. असो.

आता गाठ. तंगूस गुळगुळीत आणि ताठ असतो, आपली नेहमीची गाठ त्याच्यावर मारली की तो हळूहळू उलगडत जातो. आमच्या सहा माळा अशाच सुटल्या. म्हणून पहिली गाठ मारताना टोक एकदा फिरवतो तिथं दोनदा फिरवायचं, ओढून बसवायचं, आणि दुसरी गाठ उलट्या बाजूनं मारायची. टोकं लगेच कापायची नाहीत. ती मागे वळवून चार-पाच मण्यांतून परत ओवायची, आणि मग कापायची. गोंदाचा थेंब द्यायचाच असेल तर सुईच्या टोकावर घेऊन द्या. झटकन चिकटणाऱ्या गोंदाची बाटली सरळ माळेला टेकवली की शेजारचे मणी पांढरट होतात, आणि दोरा तिथं इतका ताठ होतो की पुढे तिथंच मोडतो.

गिअर वायरला गाठ मारायची नसतेच. तिला गिअर लॉक लागतं. म्हणजे मोहरीपेक्षा जरा मोठी, मऊ धातूची पोकळ मणी, जी पक्कडीनं दाबली की चपटी होऊन तार धरून ठेवते. आपण आत्ता मनातल्या मनात एक माळ ओवूया, म्हणजे कळेल.

माळ १८ इंचाची धरू, म्हणजे गळ्याच्या हाडाच्या जरा खाली येणारी. हूक आणि कड्या यातच इंचभर जातो, म्हणून मणी ओवायचे १७ इंचात. १७ इंच म्हणजे साधारण ४३२ मिलिमीटर. मणी ६ मिलिमीटरचे असतील तर ७२ लागतील, ४ मिलिमीटरचे असतील तर १०८, जपमाळेइतके. हा भागाकार एकदा केला की दुकानात अंदाजे मणी घ्यावे लागत नाहीत. बारीक पोतीचे मणी मात्र नंबरावर मिळतात, आणि तिथं उलटं असतं. नंबर मोठा तितका मणी लहान. ११ नंबरचा मणी जेमतेम २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३ मिलिमीटरच्या आसपास. आमच्या एका मावशींनी मोठे मणी हवेत म्हणून मोठा नंबर मागितला होता. ती पुडी अजून कपाटात आहे.

पाटावर टॉवेल पसरा. ताटात मणी घेतले की ते पळतात, टॉवेलवर जागचे हलत नाहीत. काळे मणी असतील तर टॉवेल पांढरा घ्या. कडेला शिवणकामाची टेप ठेवा आणि मणी टेपेच्या बाजूनं आधी मांडून बघा. किती काळ्यांनंतर एक सोनेरी, मधे काय, हे सगळं ओवायच्या आधी ठरतं. ओवून झाल्यावर एक मणी चुकलेला दिसला की पुढचे सगळे उतरवायचे, मग वेळही जातो आणि जीवही.

तार माळेपेक्षा ६ इंच जास्त कापा, म्हणजे २४ इंच. एका टोकात आधी गिअर लॉक घाला, मग हुकाची कडी, आणि तेच टोक परत गिअर लॉकमधून मागे घ्या. कडी हलेल एवढा लहानसा फासा ठेवा आणि चपट्या तोंडाच्या पक्कडीनं लॉक दाबा. एकदाच, पण नीट. दोन-तीनदा चेपलं की ते चिरतं. मागे उरलेलं इंचभर टोक कापू नका. पहिले मणी मुख्य तारेवर आणि या टोकावर असे दोन्हींवर एकदमच ओवा, टोक त्यांच्या पोटात लपून जातं. मग मांडलेल्या क्रमानं मणी ओवत जा. शेवटी दुसऱ्या बाजूलाही तसंच. लॉक, कडी, परत लॉकमधून, आणि टोक शेवटच्या मण्यांत.

इथंच नव्या बाईची चूक होते. ती शेवटचं लॉक दाबायच्या आधी तार ताणून घेते, माळ घट्ट व्हावी म्हणून. तशी माळ काठीसारखी उभी राहते, गळ्यावर पडत नाही, आणि तारेला मण्यामण्यापाशी घडी पडून ती तिथं तुटते. मण्यांमध्ये तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी सैल जागा सोडायची. माळ बोटावर लोंबकळत धरली तर ती सहज वळली पाहिजे, पण तार दिसता कामा नये. हे हाताला कळायला पाच-सहा माळा जातात. त्या माळा विकू नका, घरात वापरा.

नंतर परीक्षा. आमच्या गटात प्रत्येक माळ दाराच्या कडीला अडकवून खाली धरून एक हिसका देतात. कडेवरचं लेकरू गळ्यातलं मुठीत धरून ओढतं तेवढ्या जोराचा. त्यात सुटली तर आपल्या घरात सुटली. आणि लेकरांवरून आठवलं, सुटे मणी तान्ह्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तोंडात घालतात, नाकात घालतात, घशात अडकतात. काम उरकलं की टॉवेल झटकायच्या आधी जमीन चाचपून बघायची.

मण्यांची पारख थोडक्यात सांगते. काचेचा मणी गालाला लावला तर गार लागतो, दोन मणी एकमेकांवर आपटले तर टणक आवाज येतो. प्लॅस्टिकचा मणी कोमट आणि हलका. प्लॅस्टिक वाईटच असं नाही, पण काचेच्या भावानं घेऊ नका. रंगीत आणि सोनेरी मणी आणले की चार मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला आणि सकाळी ओल्या पांढऱ्या कापडावर घासा. रंग उतरला तर तो माल परत. कानातल्याच्या हुकाला फार स्वस्त धातू घेऊ नका. त्यात निकेल असलं तर काहींचे कान खाजतात, चिघळतात. बाजारात येणारे काचेचे मणी बरेचसे उत्तर प्रदेशातून येतात, हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला जवळ म्हणजे पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, नाहीतर मुंबईत भुलेश्वर. एकटीनं जाऊ नका. दोन-तीन गटांनी मिळून यादी करा, माल घाऊक भावात पडतो आणि एसटीचं भाडंही वाटून जातं.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

आमच्या गटात सगळ्यात सफाईदार हात एका वहिनींचा. लॉक दाबलेलं आहे हे शोधावं लागतं इतकं नेटकं काम. त्यांचे पती वारले त्याला आता सहा वर्षं झाली. त्या मोत्यांच्या माळा करायच्या, कानातली करायच्या, बायकांना शिकवायच्या. पण टॉवेलवर काळे मणी आले की उठायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. आणि आम्ही जाऊ द्यायचो. कुणी एका शब्दानं थांबवलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी गटाची समन्वयक.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गटाच्या मासिक बैठकीत मी ती बातमी वाचून दाखवली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या आठवड्यात वहिनी परत चहा ठेवायला गेल्या. ठराव कागदावर होता, टॉवेलवर नव्हता.

मग त्या नऊ माळा परत आल्या. वहिनींनी त्या उचलून बघितल्या आणि म्हणाल्या, "यातल्या सात मी पुन्हा ओवून देते. पण मग काळे मणीसुद्धा मीच ओवणार." त्यावर बरीच चर्चा झाली. आमच्यातल्या वयानं सगळ्यात मोठ्या काकू, ज्या विरोध करतील असं मला वाटत होतं, त्याच बोलल्या. त्या म्हणाल्या, "माझं लग्नातलं डोरलं पटवेकऱ्यानं गाठवलं. तो पुरुष माणूस. त्याच्या घरी कोण जिवंत आणि कोण गेलं, हे माझ्या सासूनं त्याला विचारलं होतं का?" त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. एका घरानं लग्नासाठी सांगितलेली दोन पदरी पोत, वहिनींनी ओवली हे कळल्यावर परत केली. "दुसरीकडून ओवून द्या," म्हणाले. आम्ही पैसे परत दिले, दुसरी पोत केली नाही. त्यावरून गटात दोघी नाराज झाल्या, कारण ती पोत ६०० रुपयांची होती आणि तोटा सगळ्यांच्या वाटणीतून गेला. ती नाराजी पूर्ण गेली आहे असंही नाही. पण आज आमच्याकडच्या प्रत्येक मंगळसूत्राचं शेवटचं लॉक वहिनी दाबतात. तुमच्या गटात अशी कुणी उठून चहा ठेवायला जात असेल, तर ती का जाते ते एकदा विचारा.

पैशाचा विषय निघालाच आहे तर हिशेबही सांगते. समजा एका छोट्या मंगळसूत्राला काळे मणी २२ रुपयांचे, सोनेरी मणी १५, वाट्या २०, गिअर वायर ४, लॉक, कड्या, हूक मिळून ६ आणि पिशवी ३. झाले ७० रुपये. पहिल्या वर्षी आम्ही ते ९० ला विकायचो आणि वरचे २० रुपये नफा म्हणून वाटून घ्यायचो. पुण्याला जायचा खर्च ६०० रुपये, तो १०० नगांवर वाटला तर नगामागे ६. फुटलेले मणी, वाया गेलेली तार धरून आणखी ४. म्हणजे २० मधले १० तिथंच गेले. राहिले १०, आणि काम ४० मिनिटांचं. तासाला १५ रुपये. त्याच वेळी आमच्याकडे खुरपायला गेलं तर ८ तासांना ३०० मिळत होते, म्हणजे तासाला साडेसदतीस. आम्ही शेतातल्या मजुरीच्या निम्म्याहून कमी पैशात डोळे फोडत होतो आणि त्याला नफा म्हणत होतो.

आता आम्ही मजुरी खर्चात धरतो, नफ्यात नाही. ४० मिनिटांचे २५ रुपये. ७०, ६, ४ आणि २५ मिळून १०५. त्याखाली विकायचं नाही, ओळखीत नाही, पाहुण्यात नाही. दुकानदाराला ११० ला देतो, स्वतः विकलं तर १३०. "तालुक्याला असलं ५० ला मिळतं," असं म्हणणाऱ्या भेटतात. मिळतं, खरं आहे. पण आमची माळ वर्षभरात सुटली तर आम्ही ती फुकट ओवून देतो, आणि हे आम्ही पिशवीवर लिहून देतो. गाठ पक्की असेल तरच असं लिहायची हिंमत करा. भाव तुमच्याकडे वेगळे असतील, आकडे माझे घेऊ नका, रीत घ्या. वहीत एक रकाना मिनिटांचा ठेवा.

आणि एक सावध करते. "घरबसल्या माळा ओवा, माल आम्ही देतो, तयार माळा आम्हीच घेतो, फक्त डिपॉझिट भरा," असं सांगत माणसं येतात. आमच्याकडे आला होता. १४ जणींनी प्रत्येकी ५०० भरले. पहिला माल त्यानं घेतला, पैसेही दिले. दुसऱ्या वेळी "ओवणं बरोबर नाही" म्हणून सगळ्या माळा नाकारल्या, आणि तिसऱ्या वेळी फोन बंद. काम देणाऱ्यानं आपल्याला पैसे द्यायचे असतात, आपण त्याला नाही. शिकायचंच असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत चौकशी करा. बँका ती चालवतात, बायकांना प्रशिक्षण फुकट असतं, राहणं-जेवणही असतं. कृत्रिम दागिन्यांचा वर्ग कधी आहे ते फोन करून विचारा.

डोळ्यांचं राहिलं. चाळिशीच्या पुढच्या बायकांनी आधी चाळशीचा नंबर काढून घ्या आणि मग मणी घ्या. दिव्याखाली काळे मणी ओवू नका, दाराशी उजेडात बसा, आणि अर्ध्या तासानं उठून लांबवर बघा. मान अवघडते ती खाली बघून. पाट उंच केला, दोन विटांवर ठेवला, तरी फरक पडतो.

पुढच्या भागात मोत्यांची नथ वळायची आहे. त्यासाठी २८ गेजची सोनेरी तार, गोल तोंडाची बारीक पक्कड, आणि ३ व ४ मिलिमीटरचे मोती आणून ठेवा. लाल किंवा हिरवा खडा एकच पुरे. आणि तोवर कुणाची माळ तुटली तर मणी गोळा करा, पण दोरा फेकू नका. तो कुठं तुटला ते आधी बघा.